तिसरी नळी

सकाळचे साडेसात वाजले होते. आम्ही दोघं केबिनमध्ये, मधे रिकामा डबा आणि फडक्यात गुंडाळलेला टॉर्क पाना. गाडी सासवड रस्ता सोडून आत वळली, कालव्याच्या कडेने आली आणि घरामागच्या चिंचेखाली थांबली. मित्राने गाडी बंद केली. दार उघडंच होतं, आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता, पण बाहेर कोणी आलं नाही. थोड्या वेळाने आक्का आतूनच ओरडली, "कोन आलंय बघा गं!" बघायला घरात दुसरं कोणी नव्हतंच, ती बहुधा शेजारणीला सांगत होती. "अगं आई, मीच हाय," असं तो म्हणाला तेव्हा ती पदराला हात पुसत दारात आली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गाडीकडे. आणि म्हणाली, "तुझी गाडी कुठाय?"

गाडी समोरच होती. तोच नंबर, तेच उजव्या बाजूला चेपलेलं बंपर, मागच्या फळीवर पेंटरने लाल-पिवळ्या अक्षरांत काढलेलं तेच 'आईचा आशीर्वाद'. आम्ही दोघं हसलो. तीही हसली, चहा ठेवायला आत गेली आणि विषय तिथेच संपला. त्यांच्यापुरता. मी मात्र घरी येऊन आंघोळ केली, नखांतलं काळं निघेना म्हणून धुण्याची पावडर चोळली, जेवलो, झोपलो, आणि संध्याकाळी उठलो तेव्हा तोच प्रश्न डोक्यात होता.

त्याचं कारण सांगायचं तर आधी चहाचं सांगावं लागेल. मित्राची टाटा ४०७ आहे, २००४ सालची, वडिलांकडून आलेली. रात्री पुण्याहून सिमेंट नाहीतर पेंड भरून सासवडच्या बाजूला चढायचं आणि पहाटे तिकडून वाटाणा, अंजीर, सीताफळ, ज्या दिवसांत जे असेल ते भरून मार्केट यार्डात उतरवायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. तिथून फुरसुंगीला घरी यायला सात-साडेसात होतात. आणि गाडी कालव्यापाशी पोचायच्या आत आक्काने चहा टाकलेला असतो. तो उतरतो तेव्हा कप भरलेला. मी स्वतः तो चहा कितीतरी वेळा प्यायलोय. त्या वाटेने दिवसभर किती टेम्पो, किती ट्रॅक्टर जातात, पण ती कधी चुकली नाही. एकदा मी तिला विचारलंही होतं, "आक्का, तुला कळतं कसं?" ती म्हणाली, "लंगडत येती ना ती." मला वाटलं, बोलायची एक पद्धत. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर, आणि त्या गाडीत शंभरदा तरी बसलोय. मला तिचं लंगडणं कधी ऐकू आलं नाही.

मित्राचं नाव मी लिहीत नाहीये. "नाव टाकू नको, लोकं रविवारी गाड्या घेऊन येतील," अशी त्याची ताकीद आहे. आमच्यात त्याला शेठ म्हणतात, कारण ट्रकच्या धंद्यात मालकाला शेठच म्हणतात, मग तो स्वतःच ड्रायव्हर आणि स्वतःच क्लीनर असला तरी. आम्ही हडपसरला एका बाकावर बसलो. बारावीनंतर तो वडिलांच्या शेजारच्या सीटवर गेला, मी इंजिनिअरिंगला. पुढे मी मगरपट्ट्यात एसीत बसून विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं लिहू लागलो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन हे करणारा पुण्यात मी काही एकटा नाही, जाऊ दे. पण डिझेल इंजिनाचा पीव्ही डायग्राम मी आजही डोळे मिटून काढू शकतो, आणि मागच्या उन्हाळ्यापर्यंत मी इंजिनाचा एक बोल्टही उघडलेला नव्हता, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

तर शेठला टर्बो हवा होता. दिवे घाट ज्याने भरल्या गाडीने चढलाय त्याला यामागचं कारण सांगायला नको. साध्या इंजिनाची ४०७ दोन टन घेऊन तो घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढते, तापमानाचा काटा वर सरकत जातो, मागे हॉर्नची रांग लागते, आणि काळा धूर मागच्या दुचाकीवाल्यांच्या तोंडावर. वारीत माउलींचा रथ याच घाटात येतो तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. टर्बो म्हणजे अशीच जादा जोडी. फक्त हिला वैरण वेगळी लागत नाही, ती इंजिनाच्या फुकट जाणाऱ्या धुरावर जगते. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर वाटेतलं एक चाक फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ओढ जास्त. इंजिन मिनिटाला तीन हजाराच्या आसपास फिरत असतं तेव्हा हे बोटभर दांड्याचं चाक लाखाच्या वर फेरे घेतं. हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ते ठीक आहे, पण रविवारी मोकळा आहेस का?"

मोकळा होतो. असे सहा रविवार झाले.

नवी गाडी घेतली असती तर पाच वर्षं हप्ते. त्याऐवजी भंगारात निघालेल्या एका टर्बो ४०७ चं इंजिन त्याने कागदपत्रांसकट उचललं. इंजिन बदलायचं म्हणजे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद, ते त्याने माझ्याआधी सुरू केलं होतं. याबाबतीत तो माझ्यापेक्षा जास्त शिस्तीचा आहे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, ४९७. माझे वडील आयुष्यभर पिंपरीला टेल्कोत होते (२००३ मध्ये कंपनीचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं, पण आमच्या घरात ते अजून बदललेलं नाही), त्यांच्याकडून जेवताना मिळालेल्या फार थोड्या तांत्रिक माहितीपैकी ही एक: ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. नावातच सगळं आहे. १९८६ साली ४०७ आली तेव्हा जपानी नावांच्या हलक्या ट्रकांचं वारं होतं. त्यातली किती नावं आज कोणाला आठवतात ते सोडा, पण वडील हे सांगताना आमटीची वाटी खाली ठेवायचे, एवढं आठवतं.

जुनं इंजिन उतरवायच्या आधी शेठ मला नाना पेठेत पंपवाल्या चाचांकडे घेऊन गेला. चाचा डिझेल पंप आणि नोझल सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. दुकान म्हणजे एका बोळातली दहा बाय बाराची खोली, भिंतींना डिझेलचा असा वास मुरलेला की बाहेर भजी तळत होते तरी आत डिझेलच. त्यांनी आमचा जुना पंप टेस्ट बेंचवर चढवला. समोर उभ्या काचेच्या नळ्या, एकेका सिलिंडरला एकेक. मोटर सुरू झाली, पंप ठरावीक वेळा डिझेल मारणार आणि प्रत्येक नळीत किती जमलं ते बघायचं. चारही नळ्यांत पिवळसर तेल फेसाळत चढू लागलं. पहिली, दुसरी, चौथी जवळपास एका रेषेत. तिसरी खाली राहिली. फार नाही, करंगळीच्या पेराएवढी. चाचांनी मोटर बंद केली, फेस बसू दिला, काचेवर नख टेकवून फरक दाखवला आणि म्हणाले, "देखो, तीन नंबर लंगडतोय."

मी शेठकडे बघितलं. तो नळ्यांकडे बघत होता.

चार सिलिंडरच्या इंजिनात पेट घेण्याचा क्रम असतो एक-तीन-चार-दोन. तिसऱ्याला डिझेल कमी म्हणून त्याचा ठोका हलका. म्हणजे दर चार ठोक्यांत दुसरा ठोका जरा विझलेला, ढग्-धग्-ढग्-ढग्. आक्का कितीतरी वर्षं स्वयंपाकघरात बसून हे ऐकत होती, आणि बेंच, नळ्या वगैरे काही नसताना तिने बरोबर शब्दही निवडला होता. चाचा म्हणाले, तिसरा एलिमेंट नवा टाकतो, नोझल चारही बघून देतो, ही गाडी अजून पाच वर्षं पळेल, टर्बो कशाला? ते स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध बोलत नव्हते, पण फायद्याचंही बोलत नव्हते. शेठ म्हणाला, "चाचा, नीट केलं तरी घाटात दुसराच गिअर." चाचांनी मान हलवली, नव्या इंजिनाचा पंप घेतला, आणि एवढंच बजावलं की लोकांच्या नादाने जास्त डिझेल सोडायला लावू नको, काळा धूर म्हणजे पैसे जळाल्याचा धूर.

मग चिंचेखालचे रविवार. भंगारातून आलेलं इंजिन कामाला लावायच्या आधी उघडून बघायचंच, यावर शेठ आणि चाचा दोघांचं एकमत होतं. चिंचेच्या एका आडव्या फांदीला जुना वळ आहे, झाडाने साल वाढवून तो अर्धा गिळलाय. शेठचे वडील तिथेच चेनकप्पी टांगायचे. आता फांदीचा भरवसा नको म्हणून आम्ही तीन जाड पाइप वर बांधून तिवई केली, पण शेठ पाना ठेवायचा तो त्या वळाखालच्या दगडावरच. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडलं त्या दिवशी मला वाटलं होतं की आता माझ्या शिक्षणाचा काही उपयोग होईल. मी जुन्या बाजारातून घेतलेला व्हर्निअर काढला. त्याने तोपर्यंत लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, वरच्या काठापासून आत नख फिरवलं होतं. पिस्टनची रिंग जिथपर्यंत चढते तिथे घासून पायरी तयार होते, तिच्यावर नख अडतं. एक, दोन, तीन, चार. "अडतंय. चारही गेले." मी पाऊण तास मोजून तेच सांगितलं. तो चेष्टा करेल असं वाटलं, पण त्याने माझे आकडे नीट वहीत लिहून घेतले, कारण भोसरीच्या मशीन शॉपवाल्याला आकडेच द्यावे लागतात, नख देता येत नाही. थोडं बरं वाटलं.

क्रँक भोसरीहून घासून आला, नवे लायनर, पिस्टन, रिंगा आल्या. नवीन बेअरिंगला एक निळसर चमक असते, आणि पिशवीतून काढताना तेलकट कागदाचा जो वास येतो त्याने मला एकदम लहानपणीची संध्याकाळ आठवली. वडील सायकल लावून आत यायचे तेव्हा त्यांच्या डब्याच्या पिशवीलाही हाच वास असायचा. त्यांनी मला कधी कारखान्याच्या कामाबद्दल मुद्दाम काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्यात तेव्हा मार्कांखेरीज फारसं बोलणंच नव्हतं. चौथ्या रविवारी हेड बसवलं आणि शेठने टॉर्क पाना माझ्या हातात दिला. हेडचे बोल्ट मधून बाहेर, गोल गोल जात, टप्प्याटप्प्याने आवळायचे. पहिल्या फेरीत हलके, मग त्याहून जास्त, मग पूर्ण. ठरलेला जोर लागला की पाना मनगटात 'कट्' करतो. तो कट् ऐकू येण्याआधी हाताला कळतो. त्या रात्री मी वडिलांना सांगितलं की आज हेड आवळलं. ते टीव्ही बघत होते. आवाज कमी केला आणि विचारलं, "कुठून सुरू केलंस?" मी म्हटलं, मधून. "हं," म्हणाले, आणि आवाज परत वाढवला. पण झोपायच्या आधी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. नख बघू म्हणाले. बघितलं आणि गेले.

आता फडक्यांची गोष्ट, जी मी खरं तर टाळणार होतो. उघड्या इंजिनात माती, पालापाचोळा जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात फडक्याचा बोळा कोंबून ठेवतात. चिंचेखाली तर हे फारच लागतं, वाऱ्याची झुळूक आली की बारीक पानांचा पाऊस. आक्काने तिचं एक जुनं सुती लुगडं फाडून आठ फडकी करून दिली होती. जांभळ्या रंगाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. सहाव्या रविवारी इंजिन गाडीत बसलं, टर्बो, पुढे दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, त्याचे जाड होज पाइप, सगळं जोडून झालं. मी फडकी गोळा करून तिच्यापुढे ठेवली. तिने ती मोजली. "आठ व्हती. ही सात हायती." मी म्हटलं, आक्का, आणतो की दुसरं. ती म्हणाली, "दुसरं नको. माझं आठवं कुठाय?" मला वाटलं, लुगड्याचा जीव. मग मी शेठकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग गेलेला दिसला. आम्ही एकेक होज सोडत गेलो. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या वळणात, आत हातभर, जांभळं टोक होतं. मीच कोंबलं होतं, दुपारी फोन आला तेव्हा. सेल मारला असता तर ते फडकं सरळ आत. कशाकशाची वाट लागली असती ते मी इंजिनिअर असल्यामुळे सविस्तर सांगू शकतो, पण सांगत नाही. शेठ मला एक शब्द बोलला नाही, हे जास्त लागलं. आक्काने फडकं झटकलं, घडी केली, आठ पुरे झाले तेव्हा आत गेली. आपण काय वाचवलं हे तिला आम्ही सांगितलंच नाही. लाजेने.

इंजिन सुरू करायच्या आधी टर्बोच्या तेलाच्या भोकात तेलकुप्पीने तेल सोडलं, कारण तो दांडा धातूवर नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. कोरडा फिरला की संपला. शेठने त्याचं चाक बोटाने हळूच फिरवलं. ते थांबेचना. मग हातपंप दाबून दाबून डिझेल लाइनमधली हवा काढली. स्क्रूच्या तोंडाशी बुडबुडे, बुडबुडे, बुडबुडे, मग एकदम नुसतं तेल, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत. स्टॉपची तार मी ओढून धरली, म्हणजे डिझेल बंद, आणि त्याने तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल मारला. मग म्हणाला, "सोड." डिझेलला ठिणगी लागत नाही. कोंडलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. हे मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलंय. प्रत्यक्षात ते बघताना अंगावर काटा येतो हे कोणी सांगितलं नव्हतं. पांढऱ्या धुराचा एक लोट, चिंचेवरचे कावळे उडाले, एक-दोन चुकार ठोके, आणि मग आवाज बसला. एकसारखा, जाड, गोल. रेस केल्यावर त्यावर बारीक शिट्टी. मी शेठला मिठी मारली. आमच्याकडे हे असलं फारसं चालत नाही, पण मारली.

दुसऱ्या शनिवारी रात्री चाळीस पोती सिमेंट, म्हणजे दोन टन भरून आम्ही दिवे घाटात निघालो. वडकी सोडलं, चढ लागला, त्याचा हात सवयीने दुसऱ्या गिअरकडे गेला आणि मधेच थांबला. तिसऱ्यातच गाडी चढत होती. शिट्टी वाढली, काटा जागेवर, आरशात धूर नाही. एका वळणावर आम्ही चक्क एका ट्रकला मागे टाकलं. मी त्याच्याकडे बघत होतो, आता काहीतरी बोलेल म्हणून. तो वरच्या वळणापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "मस्तानी तलावात पाणी किती आहे ते मला रोज कळायचं." चांदणं होतं. मी वळून बघेपर्यंत तलाव मागे गेला होता. दुसऱ्या गिअरमध्ये त्याला तो खालच्या वळणापासून वरच्या वळणापर्यंत दिसत राहायचा, विडी संपेपर्यंत. "आता विडी पेटवली तर वर पोचल्यावर फेकावी लागेल," तो म्हणाला आणि हसला. खूश होता, याबद्दल शंका नको. घाटात वाचलेल्या मिनिटांचा आणि डिझेलचा हिशेब त्याने सासवड यायच्या आत करून टाकला. पण विडी त्याने पेटवली नाही.

मग ती सकाळ, आणि "तुझी गाडी कुठाय?"

संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो, माझी तीच एक सवय. आवाज का बदलला, याचं उत्तर अवघड नाही. पूर्वी चार सिलिंडरांतून सुटणारे चार धक्के थेट सायलेन्सरवर जाऊन आपटायचे. आता ते आधी टर्बोच्या चाकावर आपटतात, तिथेच बोथट होतात, आणि बाहेर पडतो तो सपाट झालेला आवाज. डिझेलचा खडखडाटही कमी होतो, कारण गरम, दाबलेल्या हवेत डिझेल लवकर पेट घेतं. आणि तिसरी नळी आता बाकीच्यांच्या रेषेत आहे, चाचांनी तो पंप माझ्यासमोर लावून दाखवला होता. थोडक्यात, आक्का जे ऐकायची ते सगळं आम्ही एकेक करून काढून टाकलं होतं. सहा रविवार खपून. त्यात चूक काहीच नव्हती, हीच अडचण होती. चूक असती तर दुरुस्त केली असती.

पुढच्या रविवारी मी तिला घाबरत घाबरत विचारलं, नवा आवाज कसा वाटतो. "चांगला हाय की," ती म्हणाली, "सगळ्यांच्या गाड्यांसारखा." तिने ते कौतुकाने म्हटलं होतं. मी शेठला म्हटलं, कालव्यापाशी हॉर्न देत जा. त्याने दोन दिवस दिला. आक्का म्हणाली, हॉर्न काय, कोनबी वाजवतं, शाळेची बस पण वाजवती. त्याने बंद केला. जुनं इंजिन चिंचेखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलंय. दौंडकडचा एक गुऱ्हाळवाला ते मागायला दोनदा येऊन गेला. शेठ प्रत्येक वेळी पन्नास वेगळी कारणं देतो, आणि पंप तर त्याने त्यातून काढून आणून घरात कपाटावर ठेवलाय. पंपाला गंज लागेल म्हणे. मी काही बोलत नाही.

आता तो येतो तेव्हा चहा टाकलेला नसतो. पण चाचांनी आणखी एक गोष्ट बजावली होती, आणि शेठ ती देवाच्या दिव्यासारखी पाळतो. टर्बोची गाडी आल्याआल्या बंद करायची नाही. तापलेला टर्बो अजून गरगरत असतो आणि इंजिन बंद झालं की त्याचं तेल बंद होतं. मिनिटभर तरी गाडी तशीच आयडलला ठेवायची, मग किल्ली. त्यामुळे पूर्वी चिंचेखाली येऊन थांबताच गप्प होणारी गाडी आता उभी राहून गुरगुरत असते. परवा मी होतो. शेठ केबिनमध्येच बसून होता, स्टिअरिंगवर हात, डोळे घड्याळावर. आक्का सांडशी हातात घेऊन दारात आली, उंबऱ्याला टेकून उभी राहिली. दोघं काचेतून एकमेकांकडे बघत होते. इंजिन चालूच.

"बंद पडंना व्हय रे ही?" ती ओरडली.

त्याने आतून हाताने थांब अशी खूण केली.

आतल्या शेगडीवर पाण्याला आधण आलं होतं.